आधी सिस्टरांच्या पोटावर

विमल सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन शौचाची वाट पोटावर आली होती. तिथं पिशवी लावून मी घरी आलो आणि सोलापुरातलं आमचं कापडदुकान मुलावर टाकलं. पोटाकडे बघायची हिंमत नव्हती. जेवणसुद्धा मी वेगळ्या खोलीत घ्यायचो.

निवृत्त झाल्यावर सिस्टर अशा पेशंटांच्या घरी आपणहून जात. गिऱ्हाइकापुढे आम्ही साड्या टाकतो तशा त्यांनी खाटेवर दोन तऱ्हेच्या पिशव्या मांडल्या. एक अखंड. पातळ, सदऱ्याखाली कळत नाही. पण बदलताना दर वेळी कातडीवरून सोलावी लागते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कातडी लालेलाल होते. दुसरी जोडाची. तिची चकती काही दिवस पोटावर राहते, पिशवी तेवढी बदलायची. पण दोन्ही जोडणारं कडं जाड. मग त्यांनी स्वतःच्या पोटावर लावलेली पिशवी दाखवली. आत सैलसर पिठलं होतं. त्यांना आजार कसलाच नव्हता. मी भडकलो, ही काय थट्टा लावलीय म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, कुठं टोचतं ते तुम्हाला सांगायचं तर आधी मला टोचायला नको का?"

त्यांच्या सल्ल्यानं मी जोडाची घेतली. घरात ठीक चाललं. पण दुकानात गादीवर मांडी घालून बसलो आणि पंचाईत झाली. वाकताना पोटाला घडी पडली, कडं उचकटलं, वास सुटला. समोरच्या बायका नाकाला पदर लावून उठल्या. त्या दिवशी मला मरण बरं वाटलं. आता दुकानाची पायरी चढणार नाही, असं घरी सांगून टाकलं.

कळल्याबरोबर सिस्टर आल्या. "चूक माझी आहे, अण्णा. मी खुर्चीवर बसून बघितलं होतं की," म्हणाल्या. नंतर कितीतरी दिवस त्या एकेक पिशवी लावून जमिनीवर मांडी घालून ज्वारी निवडत बसायच्या. शेवटी मऊ, वाकणाऱ्या कड्याची निवडली, वरून पट्टा. तिच्या जिवावर मी इतकी वर्षं गादीवर बसलो.

पुढचं लिहायला नको वाटतं. सिस्टरांनी ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांतले बरेच जण गेले. सिस्टरांच्या या गौरवग्रंथात खरं तर त्या गेलेल्यांनी लिहायला हवं होतं. माझाही आजार उलटलाय. पोट खपाटीला गेलं, जुनी चकती धरेना, गादी पुन्हा सुटली. एकदा तरी तिथं बसावं, एवढंच मनात होतं.

परवा सिस्टर गुडघे धरत जिना चढून आल्या. खोलगट पोटासाठी फुगीर चकती आणली होती. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे भरले. "ही मला लावून बघता येईना, अण्णा. माझं पोट तुमच्यासारखं नाही," म्हणाल्या. मग स्वतःच्या हातानं चकती बसवली, मला दुकानात नेलं आणि दुपारभर गादीवर माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. चकती धरली. दोन साड्यासुद्धा विकल्या मी.

सिस्टर, तुमच्या पंचाहत्तरीला हे लिहितोय. शंभरीला मी नसणार, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून आत्ताच मागून ठेवतो. खूप जगा, धडधाकट राहा, आणि तुमच्या पोटावरची पिशवी शेवटपर्यंत उसनीच राहो.