हीनहयाती घर

आमच्या घराची सनद कुणी वाचलीच नव्हती. वाचायची कशाला? दसऱ्याला आजोबांच्या तलवारीशेजारी पाटावर ठेवायची, लाल फडक्यावरूनच हळदकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा. संस्थानच्या राजधानीत, दाना ओली नावाच्या गल्लीतलं ते दोन खोल्यांचं घर दरबारानं आजोबांना चाकरीबद्दल दिलेलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आमचंच, असं धरून चाललो होतो.

संस्थान विलीन झालं आणि दरबारी घरांचे कागद दाखवा असा हुकूम आला. घरात मोडी वाचता येणारे एकटे वडील, कचेरीतले कारकून. त्यांनी फडकं सोडलं आणि वाचता वाचता थांबले.

"आबा, घर हीनहयाती दिलंय."

"म्हणजे काय रे?"

हीन म्हणजे इथे हलकं नव्हे, वेळ. माणूस हयात असेल तेवढाच वेळ. आजोबांनी डोळे मिटले की घर सरकारजमा. वडील रोज असले कागद लोकांना समजावून सांगत, आणि घरातला एकदा उघडू नये? मला अजून संताप येतो.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. ती विधवा, त्याच घरात शिवणकाम करून मानानं जगणारी. पुढे वडिलांची भोपाळला बदली झाली तेव्हा ती आली नाही, आजोबाही तिच्यापाशीच राहिले. "भावजयीच्या चुलीपुढे मी बसणार नाही," असं माझ्या आईच्या तोंडावर म्हणाली.

"उचल रे देवा" म्हणत बसणारे आजोबा आता कडू काढे मुकाट्यानं पिऊ लागले, सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारू लागले. शेजारी चेष्टा करत, "क्यों आबासाहेब, दूसरी शादी करनी है क्या?" आजोबा हसत नसत. "मला मरायची सोय नाही," म्हणत.

तीन वर्षं अशी काढली. मग पोटाचं दुखणं आलं. आम्ही भोपाळहून आलो तेव्हा ते कळांनी पिळवटत होते, तरी डॉक्टरांना विचारत, "अजून काही करता येईल?" मला बघवत नव्हतं.

एका दुपारी आत्यानं त्यांचं तोंड पुसलं. "आबा, बास झालं. किती सोसाल? मी जाते दादाकडे भोपाळला. खुशीनं जाते."

"खरं?"

"तुमच्या गळ्याची शपथ."

आजोबा दिवेलागणीला गेले.

तेरावं होताच आत्यानं शिवणाचं मशीन टांग्यात चढवलं आणि त्याच गावात नई सडकेवर भाड्याची खोली घेतली. भोपाळला ती कधीच आली नाही. खोटी शपथ घेतली की ज्याच्या गळ्याची घेतली ते माणूस जातं, असं आमच्याकडे मानतात. आत्या तर फारच मानायची.