वरातीत वाजवलेला ठेका

पावसाळा लागला की आप्पा आमच्या हलग्या काढून घेत आणि आपल्या चुलीपाशी टांगून ठेवत. ओलं चामडं बद्द वाजतं, आणि त्यांना आमची हलगी ऐन पावसातच हवी असे. लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन ते सांगलीजवळच्या आमच्या नदीकाठच्या गावी परतले होते. नववीत शाळा सोडलेला मी आणि माझ्यासारखी पाचसहा पोरं त्यांनी वाजवायला धरली.

पुरासाठी त्यांनी एक ठेका बसवला होता. तीन ठोके, दम, पुन्हा तीन. तो ऐकला की खालच्या आळीनं गुरं सोडायची, म्हाताऱ्यांना पुढं घालायचं आणि वरच्या शाळेत जायचं. दर उन्हाळ्यात तालीम. "मोबाईल बंद पडंल गड्या, हलगीला रेंज लागत न्हाई," आप्पा म्हणत. आणि बजावत, "ह्यो ठेका लग्नात न्हाई, जत्रंत न्हाई."

मी तो वरातीत वाजवला. खालच्या आळीतच. कुणीतरी म्हणालं, "नवीन काय तरी काढ की रं," आणि माझा हात गेला. लोक लय नाचले. आप्पा त्या दिवशी साताऱ्याला होते.

त्याच पावसाळ्यात भरदुपारी पाणी चढलं. आम्ही आळीतून ठेका वाजवत निघालो, तर एक मावशी खिडकीतून हसली, "आरं, एवढ्या पावसात कुनाची वरात काढली?" आणि तिनं खिडकी लावून घेतली. आप्पांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मग ते दारं बडवत सुटले. माणूस एकही दगावलं नाही, पण शेवटच्या घराशी पाणी छातीला लागलं होतं. तिथं आप्पांचा पाय मोडला.

पाणी ओसरल्यावर ते प्लास्टरचा पाय पुढं करून खुर्चीत बसत. निम्म्यांनी वाजवायचं, निम्म्यांनी त्या तालावर चिखलाच्या पाट्या पुढं द्यायच्या. मी जवळ गेलो.

"आप्पा, त्यो ठेका वरातीत मी..."

"ठाव हाय. पाटी उचल."

आता मी केरळात सोनं गाळायच्या दुकानात आहे. ही नोकरीही आप्पांनीच शब्द टाकून दिली. इथं पाऊस लागला की मी उगाच घरी फोन करून नदीचं पाणी विचारतो. मागच्या दिवाळीत आप्पांचाच फोन आला.

"नवा ठेका बसवलाय. जुना का टाकला, ते पोरास्नी सांगितलं. कुनी घालवला, ते न्हाई सांगितलं. ते तू येऊन सांग."

मी "व्हय" म्हणालो. आप्पा माघात गेले. तालीम यंदाही झाली. तिकीट मी दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं.