लॅपटॉपातला धुरा

आमच्या दोन एकराच्या आणि काकाच्या दोन एकराच्या मधे एक धुरा होता. बाकीचे लोक बांध म्हणतात, आम्ही धुरा म्हणतो. दरवर्षी नांगरटीच्या वेळी काकाचा नांगर धुऱ्याला चाटून जायचा आणि वीतभर माती त्याच्या बाजूला पडायची. याला धुरा कोरणं म्हणतात. आमच्या उंद्री गावाकडे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसतील, तर कारण विचारायची गरज पडत नाही.

धुऱ्याला लागून आमची विहीर होती. कोरता कोरता धुरा विहिरीच्या काठाशी आला, मग विहीर कोणाची यावर भांडण पेटलं आणि तहसिलीत गेलं. निकाल लागेपर्यंत मोटार कोणीच सुरू करायची नाही, असं ठरलं. त्याआधी आम्ही वांगी, मेथी, पालक लावायचो. पाणी बंद झालं आणि वावर कोरडं पडलं. बा दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायला लागला, तारीख असली की तोही रोज बुडायचा. माय लोकांचा भाजीपाला उचलून आठवडी बाजारात जमिनीवर बसून विकायची. उरलेली, कोमेजलेली भाजी आमच्या घरी शिजायची. शाळेचा एकच ड्रेस होता, तो रविवारी धुवायचा. कोणाला दया यावी म्हणून हे सांगत नाही. होतं तसं सांगते आहे.

मी सहावीत असताना सरकारी मोजणीदार आला. हडकुळा माणूस, उन्हानं काळा पडलेला. त्यानं धुऱ्यावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली आणि साखळी धरायला सांगितली. इतकी वर्षं एकमेकांच्या अंगावर जाणारे काका आणि बा त्याच्यासमोर गप्प उभे राहिले. त्यानं चुना टाकला. धुरा मूळ जागेवर आला. विहीर आमची निघाली, पण वापराविना ती अर्धी ढासळली होती, गाळानं भरली होती. विहीर परत मिळाल्याचा आनंद आमच्या घरात कोणालाच झाला नाही. मला मात्र एक गोष्ट कळली. ज्याच्या हातात नकाशा असतो, त्याचं सगळे ऐकतात. नकाशा काढायला शिकायचं, हे मी त्या दिवशी ठरवलं.

पुढं प्रवेश परीक्षा दिली आणि नागपूरच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरला नंबर लागला. आर्किटेक्चर म्हणजे काय हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. माय विचारणाऱ्याला सांगायची, "पोरगी घराचे नकाशे काढाले शिकते." त्यावर एक बाई बाजारात म्हणाली होती, "घर बांधाले गवंडी लागते वं, नकाशा कोनाले लागते?" माय म्हणाली, "तुह्या घराची भित वाकडी काऊन हाये मंग?"

पहिली वर्षं हातानं ड्रॉइंग काढण्यात आणि कॉलेजच्या लॅबमध्ये निघून गेली. चौथ्या वर्षापासून प्रत्येकाकडं स्वतःचा लॅपटॉप असणं भाग होतं, कारण लॅब पाचला बंद व्हायची आणि काम पाचला संपायचं नाही. तेव्हा पुण्यातल्या मामानं मला एक लॅपटॉप आणून दिला. मामा एका कंपनीतल्या साहेबाची गाडी चालवायचा. साहेब परदेशी गेला, तेव्हा त्यानं आपला जुना लॅपटॉप मामाला दिला. मामानं तो टॉवेलात गुंडाळून उंद्रीला आणला.

"सायबानं देल्ला," मामा म्हणाला. "लय भारी वस्तू हाये, बाई. तुह्या कॉलेजात कोनाकडं नसन."

खरंच कोणाकडं नव्हता. चंदेरी, पातळ, झाकणावर चावलेलं सफरचंद. मी तो वर्गात काढला आणि शेजारची मुलगी म्हणाली, "बघा गं, आम्ही आपले साधे लॅपटॉप वापरतो. स्कॉलरशिपवाल्यांची मजा आहे!" त्या दिवसापासून मी वर्गात सफरचंदवाली झाले.

मग कळलं की आम्हाला लागणारं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतच नाही. विद्यार्थ्यांना फुकट मिळायचं, पण ते फक्त विंडोजवर चालणारं होतं आणि माझ्या लॅपटॉपात विंडोज नव्हतं, त्याची आपली वेगळीच सिस्टीम होती. फाइलवर कितीही टिचक्या मारल्या तरी तो एकच निरोप द्यायचा, ही उघडता येत नाही. आमच्या मॅडमना सांगितलं, तर त्यांना वाटलं मी कामचुकारपणा करते आहे.

"तुझ्याकडे तर सगळ्यांत चांगलं मशीन आहे," त्या म्हणाल्या. "तुझी अडचण काय असणार?"

मामाला सांगायची सोय नव्हती. माय तर म्हणालीच असती, धर्माच्या गाईचे दात काय मोजतं? आणि मैत्रिणींसमोर हात पसरायचा नाही, हा माझा हट्ट होता. अडाणी हट्ट म्हणा, पण होता.

आधी मी सोपा वाटणारा मार्ग घेतला. लॅपटॉपाच्या आतच एक खोटा लॅपटॉप उभा करणारं सॉफ्टवेअर मिळतं, त्या खोट्या लॅपटॉपात विंडोज टाकायचं आणि विंडोजात आपलं सॉफ्टवेअर. उतरंडीसारखं एकावर एक. ते चाललं, पण बैलावर दोन गाड्यांचं ओझं टाकावं तसं. मी रेघ ओढायची आणि ती पडद्यावर उमटायची वाट बघत बसायची. लॅपटॉप इतका तापायचा आणि आतला पंखा इतका ओरडायचा की हॉस्टेलमधली मुलगी म्हणाली, "भाकरी टाक त्याच्यावर, फुगेल."

दुसरा मार्ग होता तो डिस्कचे दोन भाग करायचा. एका भागात त्याची सिस्टीम राहील, दुसऱ्यात विंडोज. सुरू करतानाच ठरवायचं, आज कुठल्या बाजूला जायचं. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर वाचून एकेक पायरी मी वहीत उतरवली आणि एका रविवारी सकाळी आंघोळ करून बसले. भाग किती-कितीचे करायचे, असा प्रश्न पडद्यावर आला. मी क्षणभरही विचार केला नाही. निम्मे-निम्मे. वाटणी म्हटली की आमच्याकडं दुसरा हिशोबच नसतो.

दुपारी सॉफ्टवेअर उघडलं. काळ्या पडद्यावर पहिली रेघ ओढली आणि ती लगेच उमटली. मी ती पुसली आणि पुन्हा ओढली. पुसली आणि पुन्हा ओढली.

दिवाळीला घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर नकाशा काढताना बघून बानं विचारलं, "हे कसं काय जमवलं तुनं?"

मी म्हटलं, "बा, एकाच वावरात मधून धुरा टाकला. अलीकडं त्याचं, पलीकडं माह्यं."

"दोनी पिकं एकाच टायमाले घेता येतेत?"

"नाही. बंद करून चालू करा लागते. एका वेळी एकच बाजू."

"म्हंजे पान्याची पाळी," बा म्हणाला. त्याला पटलं. कॉलेजात अर्ध्या वर्गाला समजावताना मला दमायला झालं होतं, त्याला दोन वाक्यांत कळलं.

पाचव्या वर्षी प्रत्येकानं एक प्रकल्प पूर्ण करायचा असतो. त्याची ड्रॉइंगची चौदा शीटं आणि बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. त्यावर पदवी. वर्गात कोणी विमानतळ घेतला, कोणी संग्रहालय. मी आठवडी बाजार घेतला. मॅडम म्हणाल्या, "फार लहान विषय आहे." मी म्हटलं, "मॅडम, दर आठवड्याला पाचशे माणसं तिथं चिखलात बसतात." त्यांनी सही केली.

भाजी विकायच्या ओट्याची उंची मी पुस्तकातून घेतली होती. मायनं पाहिलं आणि हसली. "इतक्या उच्च्या ओट्यावर भाजी ठेवली तं मी काय उभी राहू दिवसभर? बसलेल्या बाईचा हात पुरला पायजे. अन् मांगं पाय लांब कराले जागा. गुडघे आखडतेत, ते नाही लिहिलं तुह्या पुस्तकात?"

नव्हतं लिहिलेलं. मी सगळे ओटे बदलले.

शीटं जमा करायला अकरा दिवस उरले असताना मी उंद्रीला होते, बाजाराची जागा शेवटची मोजायला आले होते. चौदापैकी तेरा शीटं झाली होती. आणि विंडोजच्या बाजूला जागा संपली. फाइल जतन होईना. पलीकडची बाजू मात्र अर्धीअधिक रिकामी, पडीक.

आता पुढं मी जे केलं ते आमच्याकडच्याच माणसाला सुचू शकतं. मला वाटलं, दोन्ही बाजू माझ्याच आहेत, भांडायला कोण येणार? मधली हद्द थोडी पलीकडं सरकवायची. वावरात धुरा सरकला तरी उभं पीक उभंच राहतं. माती इकडची तिकडं होते, एवढंच. वहीत मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं की भाग एकदा पाडले की मधे हात लावू नये. ते वाचूनही मी हद्द ओढली. लॅपटॉप बंद होऊन सुरू झाला. पलीकडची बाजू उघडली. विंडोजच्या जागी काळा पडदा आणि त्यावर एक पांढरी ओळ, सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

तालुक्याला, चिखलीला जाऊन दुकानात लॅपटॉप दाखवला. दुकानदारानं बराच वेळ खटपट केली, मग लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "ताई, हद्दच मोडली, तं आतलं कुठं काय होतं हे त्यालेच समजून नाही राह्यलं. आशा सोडा."

माझ्याकडं पेन ड्राइव्हवर महिन्यापूर्वीची चार शीटं होती, जुन्या ओट्यांची. बाकी काही नाही. मॅडमना फोन केला. त्या वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तारीख माझ्या हातात नाही. शीटं नसतील तर वर्ष जाईल."

वर्ष जाणं म्हणजे स्कॉलरशिप जाणं. आणि स्कॉलरशिप गेली तर पुढचं वर्ष उगवणारच नव्हतं, हे मला, मायला आणि बाला, तिघांनाही ठाऊक होतं.

घरी आले. बा अंगणात बसला होता. मी काय झालं ते सांगितलं. त्यानं शांतपणं ऐकलं.

"धुरा कोरला तुनं?"

"हाव."

"कोनाचा?"

"माह्याच."

त्याच्या तोंडून एखादी शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "लोक दुसऱ्याचा कोरतेत. तू सोताचाच कोरला." मी तेव्हा पहिल्यांदा रडले. माय आतून ओरडली, "रडून रेघा निंघतेत का? वही कुठं हाये तुही?"

वही होती. बाजाराची सगळी मापं मी आधी हातानं वहीत लिहिली होती, जागेवर उभं राहून, पेन्सिलीनं. विंडोजची आणि सॉफ्टवेअरची मूळ फाइलही पेन ड्राइव्हवर होती. मी पूर्ण डिस्क पुसली आणि पुन्हा भाग पाडले. या वेळी निम्मे-निम्मे नाही. विंडोजला तीन हिस्से, दुसऱ्याला एक. भावकीतल्या कोणालाही हा अन्याय वाटला असता. कामाला जेवढं लागतं तेवढं, हा हिशोब मी तेव्हा शिकले.

लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, वायर लावली तरच चालायचा. त्या आठवड्यात गावात वीज सकाळी दहा ते चार असायची. बा कामावर गेला नाही. माझ्याजवळ सतरंजीवर बसून वहीतली मापं वाचत गेला. त्याला अक्षरं धड यायची नाहीत, आकडे मात्र पक्के. "बारा फूट साडेचार इंच." मी टाकायची. "आठ फूट." मी टाकायची. तिसऱ्या दिवशी तो थांबला.

"हे चुकलं."

"वहीत असंच हाये, बा."

"वहीत चुकलं. त्या कोपऱ्यात लिंबाचं झाड हाये. तिथं बारा फूट जागाच नाही."

आम्ही टेप घेऊन बाजारात गेलो. नऊ फूट दोन इंच निघालं. पहिल्या तेरा शीटांत ती चूक तशीच होती आणि माझ्या लक्षात आली नव्हती. तिच्यामुळं एक ओळ पूर्ण हलली. मी ती नव्यानं मांडली, झाड मधे ठेवून.

दर दोन तासांनी मी पेन ड्राइव्हवर कॉपी करायची. माय स्वयंपाकघरातून विचारायची, "ठेवलं का?" काय ठेवायचं ते तिला माहीत नव्हतं, विचारायचं तेवढं माहीत होतं. दहाव्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं निघाले. चौदा शीटं नागपूरला छापली आणि तारखेच्या दिवशी, दुपारी, जमा केली.

तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक एक म्हातारा माणूस होता. तो शीटांसमोर बराच वेळ उभा राहिला. मग ओट्यावर बोट ठेवून म्हणाला, "ही उंची कुठल्या मानकात आहे?"

"मानकात नाही, सर. माझी आई भाजी विकते. तिला बसवून मोजलीय."

"आणि झाडापाशी ओळ का वाकवली?"

"झाड तिथं आहे, सर. ओळ सरळ नेली असती तर ती कागदावरच राहिली असती."

त्यानं आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या मुलाकडं गेला.

निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली आहे, आणि आमच्या गावातली पहिली आर्किटेक्ट.