वन्सं आणि तिसरी हाक

दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. माथ्यावर धुकं इतकं दाट होतं की हातातलं भाकरीचं फडकं दिसत होतं, स्वतःचे पाय दिसत नव्हते. डाव्या अंगाला कुठंतरी कडा होता. माझ्या पायात काटा मोडला म्हणून मी वाकले, तेवढ्यात पुढं चाललेल्या वन्सं दिसेनाशा झाल्या. मी अंदाजानं पुढं सरकले, तर पायाखालचा एक दगड सुटून खाली गेला. तो कुठं आपटतो ते ऐकत उभी राहिले. आवाज आलाच नाही. मी होते तिथंच खाली बसले. तिसरी हाक मारलीच नाही. मनात आलं, वन्सं गेल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, मालकांची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या डोंगरापलीकडच्या गावात नांदत होत्या. नवरा वारल्यावर लेकराला घेऊन आमच्याकडं आल्या आणि राहिल्या. मी वन्सं म्हणायचे, ते ऐकून माझी पोरं म्हणू लागली, मग गाव, मग राजूरचा जीपवाला. पुढं आम्ही डोंगर चढायला येणाऱ्यांना जेवण करून द्यायला लागलो, तर पुण्या-मुंबईची पोरंही विचारायची, "वन्सं, चहा आहे का?" कोणाची नणंद, कोणाला पत्ता नव्हता.

कामाला त्या वाईट नव्हत्या, पण अर्धं लक्ष कायम डोंगराकडं. तो आमच्या दारासमोरच आहे. भाकरी तव्यावर करपायची आणि त्या चुलीपुढून दारातून वर बघत बसलेल्या असायच्या. म्हणायच्या, "सासरी व्हते तवा वाटायचं, ह्याच्यामागं माझं माहेर हाय. आता हितं बसून वाटतं, ह्याच्यामागं माझं सासर हाय. माथ्यावर गेलं तर दोनी एकदम दिसत्याल."

"सासरानं काय दिलं तुमाला, बघायला जायला?" मी म्हणायचे.

"दिलं न्हाई म्हनून बघू बी नको व्हय?"

त्या कधी माथ्यावर गेल्या नव्हत्या. मीही नव्हते. आम्ही बाया डोंगरावर जायचो ती लाकडाला, पठारापर्यंत. त्याच्यावर आमचं काही काम नसायचं. सासरी जायचं तर जीपनं राजूरवरून मोठा वळसा. त्यामुळं सासर आणि माहेर वन्संनी एकाच वेळी कधी पाहिलेलं नव्हतं.

म्हणून दरवर्षी बेत व्हायचा. भात पोटरीला आलं की थोडे दिवस हात मोकळे असतात, तेव्हा. ओसरीवर पाटा ठेवायचा, तो पठार. त्याच्यापलीकडं उखळ, तो माथा. मधून नागलीच्या दाण्यांची वाट. वन्सं बोटानं एकेक दाणा सरकवत सांगायच्या, "हितं हिरड्याखाली टेकायचं. हितं कांदा फोडायचा. हितं वयनी, तू रागावशील."

"मी कशाला रागावू?"

"चढ हाय ना तिथं."

त्यांचा आवाज त्या वेळी झोपेत बोलल्यासारखा यायचा. ऐकता ऐकता मलाही सोनकीची पिवळी फुलं पायाला लागल्यासारखी वाटायची. मग मी उठून भांडी घासायला घ्यायचे. बाजारचा दिवस नको, अमावस्या नको, असं करता करता कोणाची गाय व्यायची, कोणाचं बाळंतपण निघायचं, आणि बेत राहायचा. वन्संना त्याचं वाईट वाटायचं नाही. दाणे गोळा करून अंगणात टाकायच्या. "वाट कोंबड्यांनी खाल्ली. पुढल्या साली नवी घालू."

येणाऱ्या पोरांना मात्र वाट सांगायला सगळ्यांच्या पुढं. "वर एक तळं हाय. काठाला वाकून बघितलं की आपलं लहानपन दिसतं." पोरं ते मोबाईलमध्ये भरून घ्यायची. उतरून आल्यावर म्हणायची, "वन्सं, तळं नाही, दगडातलं टाकं आहे. आणि त्यात नुसते बेडूक."

"मंग तुमचं लहानपन तसंच असंल," वन्सं म्हणायच्या आणि चहा ओतायच्या.

एका गोष्टीत मात्र त्या हलायच्या नाहीत. रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. चकवा आपल्या माणसाचा आवाज काढतो, ओ दिली की कड्याकडं ओढून नेतो. पण त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसरी येत नाही. हे आमच्याकडं सगळेच जाणतात. पण घरातल्या घरात, गोठ्यात असतानाही तिसऱ्या हाकेची वाट बघणाऱ्या वन्सं एकट्याच. त्यांच्यापायी किती चहा गार झाला, सांगता येत नाही. मी म्हणायचे, "गोठ्यात कुठला आलाय चकवा?" तर म्हणायच्या, "सवय मोडली की रानात घात व्हतो."

मग त्यांची नजर कमी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू आहे, गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही. गणपतीत त्यांचा मुलगा आला. तो शिर्डीला हॉटेलात कामाला आहे. म्हणाला, "आई, दिवाळीनंतर तू माझ्याकडंच राहायचं." वन्सं त्याला हो म्हणाल्या. तो गेल्यावर ओसरीवर पाटा मांडायला लागल्या. दाणे त्यांना नीट दिसेनात, वाट वाकडी व्हायला लागली. मी पाटा उचलून भिंतीला लावला आणि म्हणाले, "उद्या जाऊ."

"उद्या बाजार हाय."

"असू दे."

सकाळी नागलीच्या भाकरी, ठेचा आणि कांदे फडक्यात बांधून निघालो. ऊन छान होतं. हिरड्याखाली टेकलो. चढाला मी रागावले. पठारावर सोनकी फुललेली होती, आणि वन्सं हात खाली सोडून बोटं फुलांवरून फिरवत चालल्या होत्या, लहान पोर भिंतीवरून फिरवतं तशी. माथ्याला पाऊल लागलं आणि दरीतून धुकं वर आलं. हे त्यांच्या बेतात नव्हतं.

तर मी कड्याशी बसलेले. जरा वेळानं भीती गेली आणि राग आला. सगळी हयात मी नणंदेला अहोजाहो केलं, पण त्या वेळी तोंडातून निघालं, "कुठं मेलीस गं, भवाने?"

"हितं हाय," आवाज अगदी जवळून आला. माझ्या मागं, कड्यापासून लांब, त्या एका दगडावर बसलेल्या होत्या.

"दोन हाका ऐकल्या न्हाईत?"

"ऐकल्या की. तिसरीची वाट बघत व्हते."

"ही तिसरी न्हवती. शिवी व्हती."

"मंग तर खात्रीच झाली. चकवा गोड बोलतो. शिवी घरचंच मानूस देतं."

मी हातापायांवर सरकत त्यांच्यापाशी गेले आणि माझ्या पदराचं टोक त्यांच्या मनगटाला बांधलं. मग आम्ही भाकरी खाल्ली. वन्सं एकीकडं हात करून म्हणाल्या, "हे सासर." दुसरीकडं करून म्हणाल्या, "हे माहेर." मला काही दिसलं नाही, मी खोटं सांगणार नाही. सगळं पांढरं होतं. त्या दिवशी त्यांच्या आणि माझ्या डोळ्यांत काही फरक नव्हता.

"दिसलं का गं, वयनी?"

"न्हाई."

"मला बी न्हाई. पन हितंच हाय दोनी. वारा दोनीकडनं येतोय."

धुकं जरा विरळ झालं तशी पायवाट धरून उतरलो. अंगणात येऊन मागं बघितलं, तर डोंगर लख्ख मोकळा, वर एक ढग नाही. मी डोंगराला शिव्या घातल्या. वन्सं हसत बसल्या. "पुढल्या साली जरा लवकर निघू."

दिवाळीनंतर त्या शिर्डीला गेल्या. तिथून मला फोन करायच्या आणि बेत सांगायच्या, हिरडा, कांदा, चढ, सगळं. मी फोन तिसऱ्यांदा वाजेपर्यंत उचलायचे नाही. पुढल्या भाताच्या वेळेपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली, आणि त्या हिवाळ्यात त्याही गेल्या.

आता पोरं वाट विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते, धुकं आलं तर आहे तिथं बसा, आणि कोणी ओ दिली नाही तर तिसरी हाक मारल्याशिवाय हलू नका. पोरं हसतात. हसू देत.

त्या दिवशी माथ्यावर आम्ही दोघी होतो. दोघी जिवंत खाली आलो. त्यातली आता मी आहे.