उंच गाडीची पायरी

जेवणं उरकली आहेत, भांडी पालथी पडली आहेत, आणि हौसा सोप्यात घोंगडं टाकून आडवी झाली आहे. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ती स्वतःला बजावते. असं बजावणाऱ्यांनाच झोप आधी गाठते, पण पंचावन्न वर्षांत एवढं काही तिला उमगलेलं नाही.

दारातून अंगणातली पिकअप दिसते. मूळची पांढरी, आता धुळीने मातकट झालेली, दोन महिने एका जागी उभी. गावातल्या बाकीच्या पिकअपांपेक्षा ती चांगली वीतभर उंच आहे. हौसाच्या नवऱ्याने, आनंदा लोहाराने, ती आपल्या हाताने उचलली होती. चाकांवरचे पोलादी पाटे भट्टीत तापवून त्यांची कमान वाढवली, दोन पाटे जादा घातले, ज्यांना पाटे टांगलेले असतात ते आखूड शॅकल काढून लांब घातले, आणि खाली असे दणकट टायर चढवले की शाळेतली पोरं तिला हत्तीण म्हणायला लागली. कमानपाट्याचं काम करावं तर आनंदानं, असं आजऱ्याच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं. त्याच कामात त्याच्या डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट निम्मं गेलं होतं. "पाट्याला दिलं," म्हणायचा, जसं काही पाट्यानं ते मागून घेतलं होतं.

येत्या फाल्गुनात त्याला जाऊन वर्ष होईल. छातीत कळ आली, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता गाडीचं आरटीओचं पासिंग आलं आहे. पासिंगला गाडी कंपनीतून आली तशीच लागते, असली उचललेली चालत नाही. गाडी उभी राहिली तशी रणजितची, तिच्या मुलाची, दुधाची फेरी दुसऱ्याकडे गेली. गाडी खाली आली तर फेरी परत मिळेल. नाही आली तर तो गोव्याला दुसऱ्याच्या गाडीवर जाणार. कपड्यांची बॅग भरून खुंटीला लावलीसुद्धा आहे. गाडी खाली करायचं बाकी सगळं जमण्यासारखं आहे, पण जुने आखूड शॅकल पाहिजेत, आणि ते घरात कुठेच सापडत नाहीत. मॉडेल जुनं, बाजारातही मिळत नाहीत. म्हणून चार वाजता बशीर मिस्त्री गॅस घेऊन येणार आहे. लांब शॅकल मधे कापायचे, जोड द्यायचा आणि आखूड करून बसवायचे.

खरे शॅकल कुठे आहेत ते हौसाला पक्कं ठाऊक आहे. माजघरातल्या न कांडलेल्या भाताच्या पिंपात, कोपरभर खोल. रणजित घर धुंडाळायला लागला त्याच्या आदल्याच दिवशी तिने ते तिथे पुरले.

कारण सांगायला गेलं तर लोक हसतील. गाडी उंच झाल्यापासून हौसाला ती चढता येत नव्हती. जगाच्या गाड्यांना आनंदाने पायऱ्या जोडून दिल्या, घरच्या गाडीला मात्र "करू की उद्या." तो उद्या सात वर्षांत उगवला नाही. मग दर वेळी तो दारापाशी उकिडवा बसायचा, डावा तळहात गुडघ्यावर पालथ्याचा उताणा करायचा आणि म्हणायचा, "ठेव पाय." नवऱ्याच्या हातावर पाय ठेवायचा म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळावं. पहिल्या वेळी ती मेल्याहून मेली झाली होती. पुढे सवय झाली, पण वर बसल्यावर ती डॅशबोर्डला हात लावून कपाळाला न्यायचीच. बघणाऱ्याला वाटायचं, काचेवरच्या देवाच्या चित्राला नमस्कार करते. गाडी खाली आली की त्या हाताची जागाच उरणार नाही. एवढंच कारण, आणि ते तिला पोटच्या पोराच्या फेरीपेक्षा जड झालं आहे. त्याची तिला लाजही वाटते.

डोळे जड होतात. घोंगड्याचा केसाळ वास नाकात भरतो. अंगणात कुणीतरी लोखंडावर लोखंड ठोकतं आहे, आणि त्या ठोक्याचा ताल तिच्या ओळखीचा आहे.

"हौसा, बाराचा पाना दे गं."

गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले आहेत. तिच्या हातात उलथनं आहे, ती तेच देते. आतून हात येतो, उलथनं घेतो, आणि नट निमूट फिरतो. तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

"जेवलासा का?" ती विचारते.

"झालं की. तिकडं येळेवर मिळतंय."

"कोन वाढतंय?"

"तू न्हाईस, एवढं खरं."

तो घसरत बाहेर येतो. तोच खाकी शर्ट, खिशाला खडूचा डाग. वर्षभरात एक केसही जास्त पिकलेला नाही. तिला म्हणायचं असतं की तुमच्याविना घरात पाऊल टाकवत नाही, पण तोंडातून येतं, "शर्ट धुवाय टाका की."

"टाकतो. चल, तुझ्या म्हायेराला जाऊन येऊ."

ती वर बघते. गाडी घराच्या आढ्याएवढी झाली आहे, दार कौलांच्या रांगेत आहे, आणि खालून नुसते चार टायर दिसतात. आनंदा उकिडवा बसतो. डावा तळहात गुडघ्यावर, तीन बोटं लांब, एक निम्मं. सगळी ग्रीसने काळी.

"ठेव पाय."

ती डावा पाय ठेवते. हात भट्टीवरून आल्यासारखा ऊन आहे. "हं," तो म्हणतो, आणि ती वर आहे, सीटवर, आणि तोही शेजारी, आणि हात आपसूक डॅशबोर्डला लागून कपाळाला जातो.

"देवाला करतीस व्हय?"

"मग कुनाला?"

तो हसतो. गाडी माहेरच्या रस्त्यावर आहे. दगड, नुसते दगड, डोकी वर काढून बसलेले. याच रस्त्यावर त्या साली गाडीचं पोट दगडावर बसलं होतं. हौसाचे वडील शेवटचे श्वास मोजत होते आणि ही दोघं घाटात गाडीखाली दगड फोडत होती. पोचली तेव्हा वडिलांना बाहेर अंगणात घेतलं होतं. परतल्यावर आनंदा तिला एका शब्दाने काही बोलला नाही. आठ दिवस भट्टी पेटती ठेवली, आणि नवव्या दिवशी गाडी वीतभर उंच होती.

आता दगड खालून सरकत जातात, एकही लागत नाही. अंगणात वडील खाटेवर बसलेले आहेत, तंबाखू मळताहेत. ते हात वर करतात. गाडी थांबत नाही.

"थांबवा की."

"थांबलीया न्हवं," आनंदा म्हणतो, आणि खरंच, गाडी थांबलेली आहे, वडील मागे पडलेले आहेत, आणि रस्ता काळा गुळगुळीत आहे.

"दगड कुठं गेलं?"

"डांबर पडलं की गं. मी असतानाच पडलं. ध्यानात न्हाई तुझ्या?"

तिच्या ध्यानात आहे. त्या दिवशी तो म्हणालाही होता, आता ही उंची फुकटची. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

टायरखालचा आवाज बदलतो. करकर नाही, सरसर. ती काचेतून वाकून बघते तर खाली भात आहे, सोन्यासारखं, दोन्ही अंगांना पत्र्याच्या उंच भिंती. गाडी तिच्याच पिंपात चालली आहे. वर, तोंडाशी, माजघराचा उजेड गोल दिसतो.

आनंदा गाडी बंद करतो.

"हितं काय ठेवलंयस?"

ती खाली भाताकडे बघते.

"हौसा, जोड दिल्याला शॅकल मी कुनाच्या गाडीला घातला व्हता का?"

"न्हाई."

"का?"

"भरल्या गाडीत तुटतोय."

"आनि गाडीत कोन बसनार हाय?"

रणजितच. बशीरने "जोड देतो वैनी" म्हटलं त्या दिवसापासून हेच तिला खात होतं, आणि दर रात्री ती उद्यावर ढकलत होती. नवऱ्याचाच गुण, दुसरं काय.

"गाडी खाली आली की मी आपली आपन चढनार," ती म्हणते. "मग तुमचा हात कशाला लागंल?"

"न्हाईच लागनार."

"म्हनून दिलं न्हाई मी."

तो बराच वेळ स्टेअरिंगवर बोटं वाजवतो. तीन बोटांचा आवाज येतो, चौथ्याचा येत नाही. "मला वाटायचं तुला लाज वाटतीया," तो म्हणतो. "म्हनून घाईनं वर ढकलायचो."

"वाटायची की. पन गोड वाटायचं."

"मग सांगायचं न्हाई व्हय? आनि जरा येळ धरला असता."

"सात वर्सं पायरी जोडली न्हाईसा, मला वाटलं तुमाला कळलंय."

"कळलं व्हतं म्हनूनच जोडली न्हाई."

हे ऐकायला ती वर्षभर थांबली होती. तिला त्याचा हात धरावासा वाटतो. पण तो खाली उतरलेला आहे, भातात घोट्यापर्यंत उभा, तळहात वर करून.

"उतर आता. चार वाजलं."

ती पाय त्याच्या हातावर ठेवते. उतरायला जमीन लागत नाही. पाय हातावर, हात ऊन, आणि खाली अजून खोल.

"सोडू?" तो विचारतो.

"थांबा जरा."

"बरं."

तो थांबतो. नुसता पाय धरून उभा राहतो, घाई न करता. पिंपाच्या तोंडातून कुणीतरी हाक मारतं.

"आई. ए आई, बशीरचाचा आल्यात."

हौसा उठून बसते. सोप्यात उन्हाची तिरीप घोंगड्यापर्यंत आली आहे. अंगणात गॅसची टाकी घरंगळवल्याचा आवाज येतो, आणि बशीर रणजितला जॅक कुठे लावायचा ते सांगतो आहे. ती पदर नीट करते, तडक माजघरात जाते, पिंपात कोपरापर्यंत हात घालते. फडक्यात बांधलेले शॅकल हाताला लागतात. ती ते तशीच बाहेर घेऊन येते आणि बशीरच्या समोर ठेवते. फडक्याला भात चिकटलेलं आहे.

रणजित बघतच राहतो. "कुठं सापडलं गं?"

"सापडलं न्हाईत. मी लपवलं व्हतं."

"का?"

"गाडी खाली येऊ नये वाटायचं मला."

त्याच्या तोंडावर राग येतो, मग तो उंच दाराकडे बघतो, मग आईकडे, आणि राग तिथेच कुठेतरी विरतो. त्यानेही तिला बापाच्या हातावरून चढताना शंभरदा पाहिलं आहे.

बशीर गॅसची टाकी भिंतीला लावून ठेवतो. शॅकल उलटेपालटे करून बघतो. "बरं झालं वैनी. जोड दिला असता तर आनंदभाऊनं मला कबरीत येऊन शिव्या घातल्या असत्या." तो जॅक लावायला वाकतो.

हौसा उंबऱ्यावर टेकते. डावा पाय ओलसर, चिकट वाटतो. भात लागलं असेल म्हणून ती तळवा वळवून बघते.

तळव्याच्या खोलगट भागात काळी ग्रीस आहे. तीन बोटं लांब उमटली आहेत, आणि करंगळीशेजारचं निम्मं.

ती त्यावर हात ठेवत नाही, पुसतही नाही. काम उरकतं, आणि गाडी जॅकवरून हळूहळू खाली यायला लागते. तेवढ्यात बशीर चुळीला पाणी मागतो. हौसा उठते, आणि डावा पाय फक्त टाचेवर टेकवत, जपून, पाण्याच्या घागरीकडे जाते.