ओल्या दोरीचं माप

"बघून सांगा, पावणं. आठवून नको."

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्याच दिवशी ऐकलं. कपाटात किती बेअरिंग उरलेत असं त्यांनी विचारलं आणि मी जागेवर उभा राहूनच आकडा सांगितला. ते मान न वळवता, हातातलं काम न थांबवता एवढंच बोलले. मी आत गेलो, मोजून आलो. आकडा तोच निघाला. मला वाटलं, आता म्हणतील, बरोबर होतं तुझं. ते म्हणाले, "आता खरं झालं."

वारूळवाडीत रस्त्याच्या कडेला त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येत. ते जुनी तार काढून नवी भरत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणतो. मी नांदेडकडचा. सातवी अर्धी टाकून शाळा सोडलेली. द्राक्षबागेच्या छाटणीला टोळीबरोबर आलो, तापाने पडलो, टोळी परत गेली आणि मी राहिलो. मिस्त्रींनी दुकानामागची खोली दिली. सव्वीस वर्षांचा होतो, बायको गावाकडे. त्या काळात मला एकच भीती होती. कुणीतरी एक दिवस म्हणेल, आता तू जा.

ते मला अकरा वर्षं पावणंच म्हणत राहिले. एकदा एका गिऱ्हाइकाने चिडवलं, "मिस्त्री, पावण्याला कुणी कामाला लावतं व्हय?"

"पावणा हाय म्हणून मी त्याला चा पाजतो," मिस्त्री म्हणाले. "नोकर असता तर त्यानं मला पाजला असता."

दुकानाच्या भिंतीत दोन मोठे खिळे होते. जळालेल्या मोटरीतून काढलेल्या तारेचा एकेक तुकडा मिस्त्री त्या खिळ्यांना अडकवत. वीज कमीजास्त होऊन जळालेली मोटर असेल तर डावीकडे. विहिरीत पाणी नसताना कोरडी फिरून जळालेली असेल तर उजवीकडे. तार हातात घेतली की त्यांना कळायचं. हे त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून सुरू केलं नव्हतं. सवय म्हणा. नव्वद सालाच्या पुढे डावा खिळा तसाच राहिला आणि उजवा वाकायला लागला.

जुन्नरच्या कॉलेजातले भूगोलाचे सर घरचा पंप घेऊन आले होते, त्यांनी ते खिळे पाहिले. ते हवामान, पाऊसमान, भूजल असं बरंच बोलले. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्यात त्याला काय म्हणायचं ते म्हणा सर. माज्या खिळ्याला वजन झालंय."

तिथून ते पाण्याचं काम सुरू झालं. सरांनी नकाशे काढले. पश्चिमेकडच्या गावांत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. दर उन्हाळ्यात जुलाबाची पोरं कुठल्या वाड्यांतून येतात हे त्यांच्या वहीत होतं, आणि वाड्या बऱ्याचशा त्याच निघाल्या. एक भूगोलाचा मास्तर, एक डॉक्टरीण आणि एक तार भरणारा. नारायणगावात लोक हसायचे. एकाने तोंडावर विचारलं, "मिस्त्री, विहिरींना पाणी राह्यलं तर तुमचा धंदा बुडंल की."

"बुडू दे राव. पाण्यात बुडतोय, बरंच हाय."

घाटघरच्या वाटेवरच्या एका वाडीत त्यांचं मन जास्त रमायचं. तिथे पावसाळ्यात घरातून बाहेर पडवत नाही आणि वैशाखात हंडाभर पाण्याला रांग. ओढ्याला दगडी बांध घातले, तेव्हा विहिरीला पाणी टिकायला लागलं. पाणी टिकलं तशा काठावर मोटरी बसल्या. मग मिस्त्रींनी एक रीत घातली. दर सोमवारी पहाटे, मोटरी सुरू व्हायच्या आधी, हाताहातावर गाठी मारलेली, वजन बांधलेली दोरी तळापर्यंत सोडायची. जेवढी दोरी ओली होईल तेवढं पाणी. संध्याकाळी गावकी बसली की माप मोठ्याने सांगायचं. दोरी तीन हातांपेक्षा कमी भिजली, की प्रत्येकाने आपल्या मोटरीचे फ्यूज काढून मिस्त्रींच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे. मग पाऊस पडेपर्यंत ते पाणी फक्त पिण्याचं.

मोटरीला तीन फेजचे तीन फ्यूज, त्यातला एक काढून भागायचं नाही. दोन फेजवर मोटर पळवायची कला आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येते. म्हणून मिस्त्री दोन घेत.

माणसं आपल्या उभ्या पिकाचं पाणी एका परक्या माणसाच्या पेटीत टाकत होती. तुम्हीही गावं पाहिली असतील. हे किती अवघड आहे ते मी सांगायला नको. ते त्या दोरीवरच्या विश्वासावर चाललं होतं. आणि दोरी माझ्या हातात होती.

मी रविवारच्या मुक्कामी एसटीने जायचो, शाळेच्या ओट्यावर झोपायचो, पहाटे माप घ्यायचो. हौसाआत्या म्हणून एक बाई विहिरीवर सगळ्यात आधी यायच्या. माझ्यासाठी पदराखाली नाचणीची भाकरी असायची. "खा रं," म्हणायच्या, "लांबचं लेकरू." मी बाप व्हायच्या वयाचा होतो, तरी लेकरू.

त्या रविवारी मी जुन्नरला एसटीडी बूथवर अडकलो. बायकोचे दिवस भरले होते. आमच्या गावात फोन एकच, दुकानदाराकडे, आणि लाइन लागत नव्हती. लागली तेव्हा कळलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. पण गाडी निघून गेली होती. सोमवारी वाडीत पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि मोटरी केव्हाच्या चालू होत्या. चालू मोटरीतलं माप धरायचं नाही, असा मिस्त्रींचाच नियम.

माप झालं नाही, एवढंच सांगायचं होतं. मिस्त्री रागावले नसते. आज हे मला स्वच्छ दिसतं. तेव्हा फक्त ती भीती दिसत होती. मागच्या सोमवारी सहा हात होतं. आठवड्याला हातभर उतरतं. मी वहीत पाच लिहिलं. दोरी पिशवीतून काढलीसुद्धा नाही.

संध्याकाळी मिस्त्री आणि सर आले. गावकी बसली. मी पाच हात सांगितलं. मागे बायकांत बसलेल्या हौसाआत्या म्हणाल्या, "मला तर पाणी लई खाली दिसतंय."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "बघितलंत ना, पावणं?"

"व्हय, मिस्त्री."

मग ते हौसाआत्यांकडे वळले. "पावण्यानं बघितलंय, आत्या. डोळ्याला वरनं कमीच वाटतं."

पेटी उघडली नाही.

त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात वीज एरवीपेक्षा जास्त वेळ राहिली होती, मोटरी जास्त चालल्या होत्या. रविवारी मी वाडीत असतो तर मला ते कळलं असतं. शनिवारपर्यंत विहिरीचा तळ दिसला. बायका आत उतरून वाटीने पाणी भरायला लागल्या. शेवाळलेल्या पायरीवरून हौसाआत्यांचा पाय सरकला आणि त्या दगडावर पडल्या. डॉक्टरबाईंनी जीपमधून नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ते पुढे जुळलं, पण वाकडं.

पुढच्या सोमवारी गावकीत कुणी बसलं नाही. सगळे उभे. एका तरण्या माणसाने विचारलं, "पाच हात पाणी पाच दिसात गेलं कुठं? कुणी बघितलं व्हतं?"

मी बोलणार होतो. असं मी आजही स्वतःला सांगतो.

"दोरी माजी," मिस्त्री म्हणाले. "गाठी सरकल्या व्हत्या. चूक माजी हाय."

दोरीची प्रत्येक गाठ मिस्त्रींनी वायंडिंगच्या व्हार्निशमध्ये बुडवून वाळवलेली होती. ती सुरीने कापली असती, सरकली नसती. हे दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला.

परत येताना मिस्त्रींच्या एम-एटी गाडीवर मी मागे बसलो होतो. आपटाळे गाव मागे पडलं. मग म्हणाले, "पोरीचं नाव काय ठेवलं?" मी म्हटलं, अजून नाही. "ठेवा चांगलं," म्हणाले. बस. त्या सोमवारबद्दल ते नंतर कधीच बोलले नाहीत. मला कामावरून काढलं नाही. दोरीही काढून घेतली नाही, आणि तेच मला सोसवत नसे. दर सोमवारी ओल्या दोरीवर हात ठेवला की वाटायचं, मागे कुणीतरी उभं आहे. अजून वाटतं. वहीत कुठलाही आकडा लिहिताना माझा हात अडतो.

गावाने रीत मोडली नाही, पण फ्यूजची पेटी सरांकडे दिली. मिस्त्री जातच राहिले. बांध दुरुस्त करायचे, मोटरी फुकट बघायचे. उजव्या खिळ्यावर त्या वाडीची तार त्यानंतर आली नाही. मी सांगायचं ठरवायचो. सणानंतर सांगू, पावसानंतर सांगू, पोरगी चालायला लागल्यावर सांगू.

तीन वर्षांनी बहिणीच्या लग्नासाठी गावी गेलो होतो, तेव्हा मिस्त्री गेले. दुकानात काम करता करताच, छातीत कळ येऊन. मला कळेपर्यंत दहावाही झाला होता. आलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं.

मी तसाच वाडीला गेलो. हौसाआत्या उंबऱ्याशी नाचणी पाखडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एसटीडी बूथ, अकरा वाजलेले, पाच हात, गाठी. त्यांचं सूप मध्येच थांबलं होतं.

त्या म्हणाल्या, "म्हंजी मी बोलले ते खरं व्हतं."

"व्हय, आत्या."

"आन् मिस्त्रीला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मंग तो असताना का न्हाई आलास रं?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तीन वर्सं," त्या म्हणाल्या, "तीन वर्सं तो हितं येत व्हता. माज्या दारावरनं जायचा. पाय कसा हाय आत्या, म्हणून इचारायचा. मी त्याला बस म्हणले न्हाई. पाणीसुदिक इचारलं न्हाई. उभ्यानंच जायचा."

त्या भिंतीला धरून उठल्या, वाकड्या पायावर तोल सावरत आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा काखेत घोंगडं होतं आणि हातात पाण्याने भरलेला तांब्या. त्यांनी घोंगडं ओटीवर अंथरलं, कोपरे हाताने सारखे केले. तांब्या शेजारी ठेवला.

मला त्यांनी बस म्हटलं नाही, आणि मीही बसलो नाही. त्या पुन्हा उंबऱ्याशी बसल्या आणि सूप हातात घेतलं. आम्ही दोघं त्या रिकाम्या घोंगड्याकडे बघत राहिलो.