किक नसलेली गाडी

ती दुपार आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा शिरूर तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. तळेगाव ढमढेऱ्याचा आठवडे बाजार होता. बाजाराच्या दिवशी आमचे निम्मे लोक बंदोबस्ताला आणि निम्मे डब्यांपाशी. ठाणे अंमलदार हातातला घास तसाच धरून आत आला. "साहेब, एक जण आपणहून आलाय. म्हणतो, मला अटक करा."

आपल्या पायांनी चालत आलेला आरोपी दिसला की मला आनंद व्हायचा नाही, शंका यायची.

माणूस पन्नाशीचा, ऊस आणि भाजीपाला करणारा. पायाला शेतातला चिखल वाळलेला. सकाळी बाजारातून घरी चाललेल्या एका आबांना इलेक्ट्रिक स्कूटरची धडक बसली होती. खुब्याचं हाड मोडलं म्हणून त्यांना शिरूरला हलवलं होतं. "गाडी मीच चालवत व्हतो," असं हा माणूस सांगत होता. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा शब्दाला शब्द तेच. खरं सांगणारा दर वेळी थोडा इकडेतिकडे होतो. पाठ केलेलं मात्र एकसारखं येतं.

तेवढ्यात फोन वाजला. बाजारात भाजी विकणारी कुणी बाई होती. "बाप न्हवता वो गाडीवर. त्याची पोरगी व्हती, कालेजची. माझं नाव इचारू नका." फोन बंद.

मी आवाज चढवला नाही. पंचनामा होऊन स्कूटर आवारात लावलेली होती. त्याला तिथं नेलं आणि म्हणालो, "जरा चालवून दाखवा."

तो ऐटीत बसला. चावी फिरवली आणि उजव्या पायानं किक शोधायला लागला. एकदा पाय मारला, दोनदा मारला. त्या गाडीला किक नव्हतीच. हँडलवरचं बटण दाबल्याशिवाय ती हलत नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आमचे हवालदार तोंड फिरवून हसले. मला हसू आलं नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

"सायेब, आमच्या घरात धाव्वीच्या पुढं गेलेली ती पयलीच. केस झाली तर शाळा बी गेली आन् लगीन बी. मला आत टाका, पन तिचं नाव लिहू नका."

"अल्पवयीन पोरीचं नाव आम्ही बाहेर जाऊच देत नाही," मी म्हणालो. "पण खोटा जबाब माझ्या हातून लिहिला जायचा नाही."

तासाभरात साध्या कपड्यांत, महिला अंमलदाराला बरोबर घेऊन, त्याच्या घरी गेलो. सोळा वर्षांची, अकरावीतली मुलगी आईला चिकटून बसली होती. पण बोलली सरळ. एसटी कधी यायची, कधी नाही. पहिला तास बुडायचा. म्हणून वडिलांनी सणसवाडीतल्या दुकानातून स्कूटर आणून दिली. "दुकानदार म्हनला लायसन लागत न्हाई. पळत न्हाई म्हनलं, तर त्यानं लॉक काढून दिलं."

कमी वेगाच्या त्या गाडीला लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही, हे खरंच होतं. ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढं ती जाऊ नये म्हणून कंपनीनंच वेग बांधून दिलेला असतो. ते लॉक काढलं की कायद्यानं ती मोटारसायकलच झाली, आणि सोळा वर्षांच्या पोरीनं ती चालवायची नाही.

मी वही मिटणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पन सायेब, तुमी तर मला रोज बघत व्हता. चौकात हुबं राहून तुमीच हात करायचा, जा म्हनून."

माझी मान खाली गेली. कॉलेजच्या वेळेला मी चौकात उभा राहायचो. तोंडाला स्कार्फ बांधलेली, पाठीला दप्तर लावलेली ही पोर दिसली की कौतुकानं ट्रक थांबवून तिला वाट करून द्यायचो. लेक शिकतेय एवढंच मला दिसायचं. ती किती जोरात जाते, ते कधी दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नातीसाठी गाडी बघायच्या निमित्तानं मी त्या दुकानात गेलो. "अकरावीला हाय? मग काय टेन्शन नाय, काका," दुकानदार म्हणाला. "लॉक काढूनच देतो. तिलाच घेऊन या, हार घालून फोटो काढू." भिंत तसल्या फोटोंनी भरली होती. हारवाल्या स्कूटरी आणि गणवेशातली पोरं. त्यानं आपल्या हातानं पुरावा टांगून ठेवला होता. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत सगळं उघड झालं. दुकानदार आणि बाप, दोघांवर दोषारोपपत्र गेलं. मुलीला बाल न्याय मंडळानं समज देऊन सोडलं. मी माझ्या वरिष्ठांपुढे माझीही चूक कबूल केली.

आबांचा जबाब घ्यायला गेलो, तेव्हा ते खाटेवरून म्हणाले, "आरं, म्हैस मागनं आली तरी कळती. ह्या गाडीचा आवाजच न्हाई." वर म्हणाले, "पोरीची शाळा तेवढी बंद करू नगा." ते आता काठी घेऊन चालतात. कायदा पाळला जावा म्हणून मी आयुष्यभर लोकांवर नजर ठेवली, पण माया आली की नजर आंधळी होते, हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर एका पोरीनं शिकवलं.

मी आता दौंडला राहतो. परवा दारात एक स्कूटर येऊन थांबली. नंबरप्लेट होती, डोक्यावर हेल्मेट होतं. हेल्मेट काढलं तेव्हा ओळख पटली. तिनं लायसन पुढं केलं. "सायेब, आता अडवा मला."

मी चष्मा लावला. लायसन उलटंपालटं करून तारखेसकट वाचलं, नंबर ताडून पाहिला.

मग मी तिला हात केला.